शिअर बॉक्समधील वाळू : उभ्या डायल गेजचे वाचन कसे घ्यावे आणि कसे समजावे

वाळूवरील डायरेक्ट शिअर प्रयोग (दोन भागांच्या पेटीत, म्हणजे शिअर बॉक्समध्ये, वाळू भरून वरून दाब देत एक भाग दुसऱ्यावरून आडवा सरकवण्याचा प्रयोग) स्थापत्य अभियांत्रिकीच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या हातून एकदा तरी होतो आणि बहुधा एका आकड्यावर संपतो : घर्षणकोन (ज्याचा टॅन्जंट म्हणजे आडव्या आणि उभ्या प्रतिबलांचे गुणोत्तर) ३६ अंश, किंवा ३८ अंश. जर्नलमध्ये प्रूव्हिंग रिंगच्या (आडवा भार मोजणाऱ्या कड्याच्या) वाचनांचा रकाना नीट भरलेला असतो, आडव्या डायल गेजचाही (सरकण्याचे अंतर मोजणाऱ्या काट्याच्या उपकरणाचाही) असतो. उभ्या डायल गेजचा रकाना मात्र अर्धवट सोडलेला, किंवा शेजारच्या गटाच्या वहीतून उतरवलेला आढळतो. वाळूने किती भार पेलला हे पहिला रकाना सांगतो, पण भाराखाली तिचा आकार कसा बदलला हे तिसऱ्या रकान्यातच असते, आणि तो रकाना नसेल तर पहिल्या रकान्यातील आकडा कुठून आला हेही कळत नाही. म्हणून या लेखात प्रयोगाची कृती पूर्ण दिली असली, तरी सगळा रोख त्या तिसऱ्या रकान्यावर ठेवला आहे. प्रयोगासाठी भारतीय मानक आय. एस. २७२०, भाग १३ (१९८६) हाताशी ठेवावे. येथे जे सांगितले आहे ते त्या मानकाच्या ओळींमध्ये न मावणारे आहे.

भार आल्यावर वाळूत काय घडते

धान्य मापाने मोजण्याची सवय असलेल्या माणसाला वाळूचा पहिला गुणधर्म समजावून सांगावा लागत नाही. पायली अलगद भरली तर एक वजन बसते आणि ठोकून, हलवून भरली तर त्याच पायलीत जास्त वजन मावते. दाणे तेच, पायली तीच, फक्त दाण्यांमधील पोकळी कमी झालेली असते. या पोकळीच्या घनफळाला घन कणांच्या घनफळाने भागले की पोकळी गुणोत्तर, म्हणजे व्हॉइड रेशो मिळतो, आणि वाळूच्या वर्तनाची निम्मी कथा त्या एका संख्येत असते. उरलेली निम्मी कथा तिच्यावर असलेल्या दाबाची आहे.

वाळूवर नुसता उभा भार टाकला आणि बाजूंनी तिला पसरू दिले नाही, तर ती दबते. हे दबणे मुख्यतः कण एकमेकांवरून किंचित घसरून अधिक जवळ बसल्यामुळे होते. कण स्वतः दबण्याचा वाटा फार लहान असतो. त्यामुळेच भार काढून घेतल्यावर दबलेल्या अंतराचा थोडासाच भाग परत येतो, बाकीचा कायमचा जातो. प्रयोगशाळेत आपण ज्या ५० ते २०० किलोपास्कलच्या पट्ट्यात काम करतो तिथे क्वार्ट्झच्या वाळूचे कण जवळजवळ फुटत नाहीत, फार तर टोकदार कडा झिजतात. शिंपल्यांचा चुरा मिसळलेल्या समुद्री वाळूबद्दल मात्र ही खात्री देता येत नाही.

भार आडवा आला की चित्र बदलते. सैल वाळूतील कण सरकताना शेजारच्या पोकळीत पडतात आणि नमुना खाली बसतो. घट्ट वाळूत कणांना पडायला जागाच नसते. एकमेकांच्या खाचांत अडकलेल्या कणांना सरकायचे तर आधी समोरच्या कणावर चढावे लागते, आणि सगळे कण असे चढू लागले की नमुना वर उचलला जातो, म्हणजे दाबाखाली असूनही फुगतो. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ मध्ये या गुणधर्माला ‘डायलेटन्सी’ हे नाव दिले आणि समुद्रकिनाऱ्यावरील पावलाचे उदाहरण दिले. ते आपल्याकडेही पाहता येते. ओहोटीच्या वेळी गुहागर किंवा दिवेआगरच्या पुळणीवर ओल्या, घट्ट वाळूत पाऊल टाकले की पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी आणि फिकट दिसते. पावलाच्या भाराने वाळू दाबली जाऊन पाणी वर यायला हवे, असे वाटते. घडते उलटे, कारण वाळू फुगते, पोकळी वाढते आणि पृष्ठभागावरील पाणी आत ओढले जाते.

आर्थर कॅसाग्रांडे यांनी १९३६ मध्ये या दोन वर्तनांची सांगड घातली. सैल नमुना दबत जातो, घट्ट नमुना फुगत जातो, आणि पुरेसे सरकवल्यावर दोघेही एकाच पोकळी गुणोत्तरापाशी येऊन थांबतात; त्यानंतर वाळू सरकत राहते पण तिचे घनफळ बदलत नाही. या अवस्थेला आता क्रिटिकल स्टेट म्हणतात. आपला प्रयोग म्हणजे ही वाटचाल उभ्या डायल गेजवर डोळ्यांनी पाहणे होय.

आधी वाळूची ओळख करून घ्या

वाळू १०५ ते ११० अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये चोवीस तास वाळवावी आणि थंड झाल्यावर वापरावी. अर्धवट ओली वाळू या प्रयोगाची सर्वांत मोठी शत्रू आहे, कारण कणांमधील पाण्याच्या ताणामुळे तिला खोटा चिकटपणा येतो आणि ती हव्या त्या घनतेला भरताही येत नाही. ६० मिलिमीटरच्या चौरस बॉक्ससाठी ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळलेली वाळू चालते असे मानतात. माझ्या मते नमुन्याची जाडी केवळ २५ मिलिमीटर असताना २ मिलिमीटरखालची वाळू घेतलेली बरी. शिकण्यासाठी म्हणून प्रयोग करायचा असेल तर आय. एस. ६५० नुसारची एन्नोरची प्रमाणित वाळू उत्तम, कारण तिची प्रतवारी ठरलेली असते आणि दुसऱ्या प्रयोगशाळेतील निष्कर्षांशी ताडून पाहता येते.

कणांची विशिष्ट घनता (पाण्याच्या तुलनेत कण किती पट जड आहेत ते) मोजूनच घ्यावी. पुस्तकातील २.६५ हा आकडा क्वार्ट्झसाठी ठीक आहे, पण रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळसर वाळूत इल्मेनाइट असते आणि ते क्वार्ट्झच्या पाऊणपट अधिक जड असते; बेसॉल्ट फोडून केलेल्या क्रश सँडचीही विशिष्ट घनता २.६५ पेक्षा जास्त भरते. चुकीची विशिष्ट घनता घेतली की पोकळी गुणोत्तर चुकते आणि पुढचा सगळा हिशेब वाकडा होतो. क्रश सँडचे कण कोनदार असल्यामुळे तिचा घर्षणकोनही नदीच्या गोलसर वाळूपेक्षा जास्त येतो. तो पाहून प्रयोग चुकला असे समजू नये.

यानंतर वाळूची सर्वांत सैल आणि सर्वांत घट्ट अवस्था शोधावी लागते. त्याची रीत आय. एस. २७२०, भाग १४ मध्ये आहे : सैल अवस्थेसाठी फनेलने अलगद ओतणे, घट्ट अवस्थेसाठी वर वजन ठेवून कंपन टेबलावर साचा हलवणे. या दोन टोकांच्या मध्ये आपला नमुना कुठे बसतो हे सांगणारी टक्केवारी म्हणजे सापेक्ष घनता.

वजन आधी ठरवा, मग भरा

येथून पुढे एकच उदाहरण घेऊन चालू. आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत. विशिष्ट घनता २.६५, सर्वांत सैल अवस्थेतील पोकळी गुणोत्तर ०.८५ आणि सर्वांत घट्ट अवस्थेतील ०.५५ धरू. बॉक्स ६० गुणिले ६० मिलिमीटर, नमुन्याची जाडी २५ मिलिमीटर, म्हणजे घनफळ ९० घन सेंटिमीटर.

घट्ट नमुना ०.६५ पोकळी गुणोत्तराला हवा असेल तर कोरडी घनता २.६५ भागिले १.६५, म्हणजे १.६०६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, आणि वाळूचे वजन १४४.५ ग्रॅम. सापेक्ष घनता ६७ टक्के. सैल नमुना ०.८० ला हवा असेल तर घनता १.४७२ आणि वजन १३२.५ ग्रॅम, सापेक्ष घनता १७ टक्के. दोन्ही नमुन्यांच्या वजनात जेमतेम १२ ग्रॅमचा फरक आहे. एक नमुना भाराखाली फुगणार आहे आणि दुसरा दबणार आहे, तो या बारा ग्रॅमच्या जोरावर. बॉक्स भरताना चमचाभर वाळू बाकावर सांडली तरी चालेल, असे मानणाऱ्याने हा हिशेब एकदा स्वतः मांडून पाहावा.

जाडीच्या मोजमापाचेही तसेच. जाडी मोजताना अर्धा मिलिमीटर चुकला तर घनफळ दोन टक्क्यांनी चुकते, पोकळी गुणोत्तर ०.०३३ ने चुकते, आणि ही चूक सापेक्ष घनतेत ११ टक्के होऊन उभी राहते. म्हणून जाडी ‘२५ मिलिमीटर’ असे छापील माहितीपत्रकातून घेऊ नये. तळाची प्लेट, पोरस स्टोन (सच्छिद्र दगडाची चकती) आणि जाळीची प्लेट बसवल्यावर बॉक्सच्या वरच्या कडेपासून खोली चारही कोपऱ्यांवर व्हर्नियरने मोजावी, नमुना भरून वरची जाळीची प्लेट ठेवल्यावर पुन्हा मोजावी, आणि प्लेटची जाडी धरून फरक काढावा.

बॉक्स भरणे

बॉक्सचे दोन्ही भाग लांब लॉकिंग पिनांनी घट्ट जोडावेत. जाळीच्या प्लेटवरील खाचा सरकण्याच्या दिशेला काटकोनात असाव्यात. त्या समांतर बसल्या तर वाळू प्लेटवरूनच घसरते आणि आपण वाळूचा नव्हे तर प्लेटचा प्रयोग करत बसतो. वाळू पोरस स्टोनखाली जाऊ नये म्हणून कडा एकदा बोटाने तपासाव्यात.

सैल नमुन्यासाठी लांब नळीचे फनेल घ्यावे. नळीचे टोक तळाला टेकवावे, फनेल वाळूने भरावे आणि मग ते गोल फिरवत इतक्या सावकाश वर घ्यावे की वाळू जवळजवळ उंचीवरून पडतच नाही. वाळू जितक्या उंचीवरून पडेल तितकी ती घट्ट बसते, हे लक्षात ठेवले की घनता फनेलच्या उंचीने आणि प्रवाहाच्या वेगाने हवी तशी राखता येते. वरचा पृष्ठभाग सपाट करताना दाब देऊ नये. पोस्टकार्डाची कड पुरते. सैल नमुना भरून झाला की बॉक्स उचलून नेणे टाळावे, शक्य तर तो यंत्रावर ठेवूनच भरावा. टेबलाला लागलेला एक धक्काही त्याला पाच-दहा टक्क्यांनी घट्ट करू शकतो, आणि पुढे नमुना अपेक्षेइतका का दबला नाही याचे उत्तर मग कोणाकडेच नसते.

घट्ट नमुन्यासाठी ठरवलेल्या वजनाचे तीन समान भाग करून एकेक थर ओतावा आणि लाकडी ठोकणीने त्या थराची नियोजित उंची येईपर्यंत ठोकावा. थरांच्या सीमेवर घनतेचा फरक राहतो, आणि तिसऱ्या थराच्या ठोकण्याने खालचे दोन थर आणखी घट्ट होतात, म्हणून पहिल्या थराला थोडे कमी ठोकण्याची पद्धत आहे. शक्यतो थराची सीमा बॉक्सच्या दोन भागांच्या सांध्यावर येऊ देऊ नये, कारण वाळू नेमकी तिथेच सरकणार आहे. तीन थरांत सांधा मधल्या थराच्या पोटात येतो. दोन किंवा चार थर न घेण्याचे कारण एवढेच आहे. भरून उरलेली वाळू पुन्हा तोलावी आणि सुरुवातीच्या वजनातून वजा करावी. बॉक्समध्ये गेलेले वजन याच वजाबाकीतून ठरते.

उभा भार आणि पहिली वाचने

बॉक्स पाण्याच्या डब्यात बसवून, वर भाराची टोपी ठेवून, टोपीवरील गोळीवर लोडिंग योक (टोपीवर भार पोचवणारी चौकट) टेकवावा. १०० किलोपास्कल दाबासाठी ३६ चौरस सेंटिमीटरवर ३६० न्यूटन भार लागतो, म्हणजे सुमारे ३६.७ किलो. यंत्राची तरफ एकास पाच असेल तर हँगरवर सुमारे ७.३ किलो ठेवावे लागतात. योक, टोपी आणि हँगर यांचे स्वतःचे वजन या हिशेबात धरायचे असते. ५० किलोपास्कलच्या चाचणीत ते विसरले तर चूक लक्षणीय होते.

उभा डायल गेज बसवताना त्याचा दांडा निम्मा आत गेलेला असावा, म्हणजे तो दोन्ही दिशांना हलू शकेल. मग टोपी बोटाने अगदी हलकी दाबून काटा कोणत्या दिशेला जातो ते पाहावे आणि वहीच्या पहिल्याच ओळीत लिहून ठेवावे : काटा अमुक दिशेला गेला म्हणजे नमुना दबला. हे क्षुल्लक वाटते, पण घट्ट वाळू दबते आणि सैल वाळू फुगते असे उलटे निष्कर्ष मी जितक्या जर्नलांमध्ये पाहिले आहेत, त्यांतील बहुतेकांचे मूळ ही न लिहिलेली ओळ आहे.

भार ठेवल्यावर कोरडी वाळू काही सेकंदांत बसते. एक-दोन मिनिटे थांबून वाचन घ्यावे. वेळ असेल तर येथेच एक छोटा जोडप्रयोग करावा : ५०, १०० आणि २०० किलोपास्कलला वाचन घ्यावे, मग भार ५० पर्यंत उतरवून पुन्हा २०० पर्यंत चढवावा. पहिल्या चढणीपेक्षा दुसरी चढण किती ताठ आहे ते आलेखावर लगेच दिसते, आणि वाळूचा ‘लवचिकतेचा गुणांक’ एकच एक असतो ही समजूत कायमची जाते. मात्र असा वर-खाली भार दिलेला नमुना पुढे सरकवण्यासाठी वापरू नये, तो वेगळा भरावा.

या वाचनांत यंत्राचे स्वतःचे दबणेही मिसळलेले असते. पोरस स्टोन, प्लेट, टोपी आणि योक मिळून जे दबतात ते वाळूच्या खात्यावर पडते. वाळूच्या जागी त्याच मापाचा पोलादी ठोकळा ठेवून तीच भारमालिका एकदा द्यावी आणि ठोकळ्यावरील वाचने नमुन्याच्या वाचनांतून वजा करावीत. ठोकळा वर्कशॉपमधून एकदा करून घेतला की वर्षानुवर्षे कामी येतो.

सरकवणे

आता लॉकिंग पिना काढाव्यात आणि दोन स्पेसिंग स्क्रू समान फिरवून वरचा भाग सुमारे एक मिलिमीटर उचलावा, म्हणजे दोन भागांच्या धातूच्या कडा एकमेकांवर घासणार नाहीत. त्यानंतर स्पेसिंग स्क्रू मागे घ्यावेत. लॉकिंग पिना काढायला विसरणे ही प्रयोगशाळेतील सर्वांत जुनी चूक आहे. शिकत असताना मीही ती केली. प्रूव्हिंग रिंगचा काटा झरझर वर चढताना पाहून नमुना फारच घट्ट झाला आहे असे समजून आम्ही तिघे खूश होतो, आणि पिन वाकल्याचा आवाज आल्यावरच खरी गोष्ट कळली. तेव्हापासून पिना काढल्या की त्या वहीच्या उघड्या पानावर ठेवण्याची सवय लागली : पान रिकामे दिसले तर यंत्र सुरू करायचे नाही.

कोरड्या वाळूसाठी वेगाचा फारसा परिणाम होत नाही. यंत्रावर १.२५ मिलिमीटर प्रति मिनिट हा वेग सर्रास वापरतात आणि निष्कर्षाच्या दृष्टीने तो ठीक आहे, पण त्या वेगाने पाव मिलिमीटर सरकायला बारा सेकंद लागतात आणि तेवढ्यात तीन डायल वाचून लिहायचे असतात. त्यामुळेच तिसरा रकाना रिकामा राहतो. वेग ०.२५ मिलिमीटर प्रति मिनिट ठेवला तर दहा मिलिमीटरला चाळीस मिनिटे जातात, पण वाचने मनाप्रमाणे घेता येतात. तिन्ही डायल एका चौकटीत येतील असा मोबाईल स्टँडवर लावून चित्रफीत घेतली, तर कमाल बिंदूच्या आसपासची वाचने नंतर थांबवून-थांबवून पाहता येतात. ही सोय आमच्या वेळी नव्हती आणि आज ती न वापरण्याचे कारण दिसत नाही.

पहिल्या अर्ध्या मिलिमीटरपर्यंत दर ०.१ मिलिमीटरला वाचन घ्यावे, कमाल बिंदू ओलांडेपर्यंत दर ०.२५ ला, आणि नंतर दर अर्ध्या मिलिमीटरला. प्रूव्हिंग रिंग खाली येऊ लागली की प्रयोग संपला असे समजून यंत्र बंद करण्याचा मोह होतो. तसे करू नये. दहा-बारा मिलिमीटरपर्यंत सरकवावे, कारण उभ्या डायलचा काटा स्थिर होताना पाहायचा आहे.

घट्ट नमुन्यात काय दिसेल ते आधी माहीत असले तर डोळे योग्य वेळी योग्य डायलवर जातात. पहिल्या पाव मिलिमीटरमध्ये नमुना अगदी थोडा दबतो. मग काटा थांबतो, मागे वळतो आणि नमुना फुगू लागतो. फुगण्याचा वेग वाढत जातो आणि तो सर्वाधिक असतो नेमक्या त्याच वेळी, ज्या वेळी प्रूव्हिंग रिंग कमाल वाचन दाखवते. त्यानंतर रिंग उतरू लागते आणि फुगण्याचा वेग मंदावतो. नमुना फुगतच असतो, पण हळू. सैल नमुन्यात ना कमाल बिंदू दिसतो ना फुगणे. रिंग सावकाश चढत जाते, नमुना सावकाश बसत जातो, आणि शेवटी दोन्ही काटे थांबतात.

हिशेब

आडव्या विस्थापनाच्या वाचनात एक दुरुस्ती बहुतेक वेळा राहून जाते. आडवा डायल गेज खालच्या डब्याची हालचाल यंत्राच्या चौकटीच्या संदर्भात मोजत असेल, तर वरचा भागही रिंग दबल्याइतका पुढे सरकलेला असतो. समजा रिंगचा एक भाग २.५ न्यूटनचा आहे आणि तिच्या डायलचा लीस्ट काउंट (एका भागाचे माप) ०.००२ मिलिमीटर आहे. कमाल वाचन ११८ भाग आले तर भार २९५ न्यूटन, शिअर प्रतिबल (क्षेत्रफळाने भागलेला आडवा भार) ८२ किलोपास्कल, आणि रिंगचे दबणे ०.२४ मिलिमीटर. कमाल बिंदू डायलवर १.५ मिलिमीटरला दिसत असेल तर दोन भागांतील खरे सापेक्ष विस्थापन १.२६ मिलिमीटरच आहे. वाळू किती ताठ आहे हे सांगायचे असेल तर हा फरक सोडून देण्यासारखा नाही.

सरकल्यामुळे दोन भागांतील सामाईक क्षेत्रफळ कमी होत जाते; सहा मिलिमीटरला ते दहा टक्क्यांनी घटलेले असते. ते धरून प्रतिबल काढावे, पण उभा दाबही त्याच क्षेत्रफळावर असल्यामुळे तोही तितकाच वाढतो, आणि दोहोंचे गुणोत्तर बदलत नाही. केवळ शिअर प्रतिबलाला दुरुस्ती लावली की घर्षणकोन खोटाच वाढलेला दिसतो.

आता तिसरा रकाना उघडावा. समजा कमाल बिंदूच्या आजूबाजूला, सापेक्ष विस्थापन अर्ध्या मिलिमीटरने वाढले तेव्हा नमुना ०.१० मिलिमीटर वर आला. चढाचा दर ०.२० झाला, म्हणजे फुगण्याचा कोन सुमारे ११ अंश. कमाल बिंदूवर प्रतिबलांचे गुणोत्तर ०.८२ आहे, म्हणजे घर्षणकोन ३९.४ अंश. डोनाल्ड टेलर यांनी १९४८ मध्ये मांडलेला विचार असा, की आडव्या भाराने केलेल्या कामाचा काही भाग घर्षणात जातो आणि काही भाग उभ्या भाराला वर उचलण्यात. म्हणून ०.८२ मधून ०.२० वजा करावे : उरतात ०.६२, म्हणजे ३१.८ अंश. हा वाळूच्या घर्षणाचा भाग; उरलेले सात-साडेसात अंश केवळ कणांना एकमेकांवर चढावे लागले म्हणून मिळाले आहेत. त्याच वाळूच्या सैल नमुन्याचे शेवटचे गुणोत्तर काढून पाहावे. प्रयोग नीट झाला असेल तर ते ०.६२ च्या आसपास येते, आणि दोन वेगळ्या नमुन्यांतून, दोन वेगळ्या वाटांनी तोच आकडा येताना पाहणे हा या प्रयोगातील खरा आनंद आहे.

आणखी एक पडताळा फुकट मिळतो. कोरडी वाळू फनेलमधून सावकाश ओतून रास करावी आणि राशीची उंची व तळाची त्रिज्या मोजावी. पायलीवर जी शीग राहते तिचाच हा उतार आहे, आणि तो क्रिटिकल स्टेटमधील घर्षणकोनाच्या जवळ असतो. रास ३२ अंशांची आणि आपला सैल नमुना ३८ अंशांचा असे आले, तर नमुना सैल नव्हता, असे समजावे.

आता तीन दाबांचे निकाल एकत्र मांडू. घट्ट नमुन्यांची कमाल प्रतिबले समजा ५० किलोपास्कलला ४३, १०० ला ८२ आणि २०० ला १५६ आली. गुणोत्तरे अनुक्रमे ०.८६, ०.८२ आणि ०.७८. दाब वाढेल तसे कणांना वर चढणे जड जाते, फुगणे दबले जाते आणि कमाल घर्षणकोन सुमारे ४१ वरून ३८ अंशांवर येतो. म्हणजे हे तीन बिंदू आरंभबिंदूतून जाणाऱ्या किंचित वाकलेल्या रेषेवर आहेत. त्यांतून संगणकाने सरळ रेषा काढली की ती उभ्या अक्षाला ६ किलोपास्कलवर छेदते आणि ३६.९ अंशांचा उतार देते, आणि मग अहवालात ‘वाळूचे कोहेजन ६ किलोपास्कल’ असे वाक्य छापले जाते. ओव्हनमध्ये वाळवलेल्या, मुठीतून गळून जाणाऱ्या वाळूला कोहेजन, म्हणजे कणांचा आपसातला चिकटपणा, कुठून येणार? ते सहा किलोपास्कल म्हणजे वक्र रेषेला सरळ समजल्याची किंमत आहे. अहवालात प्रत्येक दाबाला वेगळा कमाल कोन द्यावा, आणि त्याखाली क्रिटिकल स्टेटचा एकच कोन, कोहेजन शून्य धरून.

हा बॉक्स काय सांगू शकत नाही

नमुना २५ मिलिमीटर जाड असला तरी सगळा नमुना सारखा सरकत नाही. विरूपण सांध्याभोवतीच्या एका पातळ पट्ट्यात गोळा होते, ज्याची जाडी सरासरी कणाच्या साधारण दहा ते वीस पट असते. अर्धा मिलिमीटर सरासरी कण असेल तर पट्टा पाच ते दहा मिलिमीटरचा. म्हणूनच विस्थापनाला जाडीने भागून ‘शिअर स्ट्रेन’ काढणे आणि त्यावरून शिअर मॉड्युलस सांगणे योग्य नाही. तो हवा असेल तर ट्रायअ‍ॅक्सियल चाचणी करावी. तिथे नमुना दंडगोल असतो, पडद्यात गुंडाळलेला असतो आणि त्याचे विरूपण निदान सुरुवातीला तरी सर्वत्र सारखे असते.

पट्ट्याची ही गोष्ट आपल्या उदाहरणालाही लागू करून पाहू. घट्ट नमुना शेवटपर्यंत ०.६ मिलिमीटर फुगला असे धरा. हे फुगणे पूर्ण जाडीत वाटले तर पोकळी गुणोत्तर ०.६५ वरून ०.६९ होते, आणि सैल नमुना ०.२ मिलिमीटर दबून ०.८० वरून ०.७९ च्या आसपास आलेला असतो. दोन्ही नमुने एकाच अवस्थेला पोचले नाहीत असे दिसते, आणि कॅसाग्रांडे यांचे म्हणणे खोटे ठरल्यासारखे वाटते. पण घट्ट नमुन्याचे सगळे फुगणे ८ मिलिमीटरच्या पट्ट्यात झाले असे मानले, तर त्या पट्ट्यातील पोकळी गुणोत्तर ०.७७ येते. वाळू खरोखर सरकली तिथे दोन्ही नमुने शेजारी-शेजारीच आहेत. पट्ट्याबाहेरची घट्ट वाळू जशी भरली तशीच बसून आहे.

दुसरी मर्यादा पाण्याची. बॉक्समध्ये पाणी भरून संपृक्त (पोकळी पूर्ण पाण्याने भरलेल्या) वाळूची चाचणी करता येते, पण पाणी आत-बाहेर जाणे बंद करता येत नाही, त्यामुळे जे मिळते ते पाणी मुक्तपणे वाहत असतानाचे उत्तर असते. भूकंपात संपृक्त सैल वाळूला दबायचे असते, पण पाण्याला निघून जायला वेळ मिळत नाही. तेव्हा भार कणांवरून पाण्यावर येतो आणि वाळू द्रवासारखी वागते. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात कच्छच्या रणात वाळू-पाण्याचे उमाळे फुटले ते यामुळे. त्या परिस्थितीसाठी शिअर बॉक्सचा घर्षणकोन वापरू नये. मात्र सैल नमुन्यावर उभ्या डायलचा काटा खाली जाताना ज्याने पाहिला आहे, त्याला त्या उमाळ्यांचे कारण वेगळे शिकवावे लागत नाही.

वरची टोपी तिरकी होणे ही तिसरी अडचण. सरकताना पुढची कड दबते आणि मागची उचलली जाते, आणि मधोमध बसवलेल्या एकाच डायलला त्याचा पत्ता लागत नाही. प्रयोगानंतर टोपीची चारही कोपऱ्यांवरची उंची मोजावी. फरक अर्ध्या मिलिमीटरहून जास्त असेल तर त्या चाचणीचे फुगण्याचे आकडे बाजूला ठेवून नमुना पुन्हा भरावा.

चाचणी झाली की वाळू काढून, तोलून, पुन्हा चाळावी. वजन भरलेल्या वजनाहून कमी आले तर ती वाळू सांध्यातून गळली आहे, आणि गळलेली वाळू उभ्या डायलवर दबण्यासारखीच दिसते. बारीक चाळणीत आधीपेक्षा जास्त वाळू उतरली तर कण फुटले आहेत, आणि मग तीच वाळू पुढच्या दाबासाठी वापरू नये. सांध्यातील कण मऊ ब्रशने काढून कडा पुसाव्यात, पिना पुन्हा जागेवर लावाव्यात, आणि पुढचा नमुना ताज्या वाळूचा भरावा.